आयात शुल्क कमी झालं की नेमकं होतं काय? पुण्यातले नेहमीचे प्रश्न आणि त्यांची उत्तरं

भोसरीतल्या सुट्या भागांच्या एका कारखान्यात मी सव्वीस वर्षं परचेस सांभाळलं. त्यामुळे बजेटच्या दुसऱ्या दिवशी सारसबागेत फेरी मारायला गेलो की कुणी ना कुणी गाठतंच. "अहो, ड्युटी कमी केलीय म्हणे, मग स्वस्त काय होणार?" दर वर्षी प्रश्न तेच असतात, उत्तरं मात्र वस्तूगणिक बदलतात. म्हणून ती एकदा लिहून काढली. आधीच सांगून टाकतो, माझं एक तुणतुणं आहे: शुल्क कच्च्या मालावर आहे की तयार मालावर, हे पाहिल्याशिवाय कुठल्याही कपातीला चांगली-वाईट म्हणू नये. ते पुढे पुन्हा पुन्हा ऐकू येईल.

आयात शुल्क भरतं कोण? चीनची कंपनी की आपण?

आपण. माल मागवणारा इथला आयातदार कस्टम्सला पैसे भरतो आणि पुढे ते गिऱ्हाइकाकडून वसूल करतो. पाठवणाऱ्याने धंदा टिकवायला थोडा भाव सोडला तर तेवढा भार त्याच्यावर पडतो, एरवी नाही.

हिशेब कागदावर करून बघा. न्हावा शेवाला उतरलेल्या मालाची भाडं-विम्यासकट किंमत १०० रुपये धरा. मूळ सीमाशुल्क १० टक्के असेल तर १० रुपये. त्या दहावर पुन्हा १० टक्के समाजकल्याण अधिभार, म्हणजे १ रुपया. (काही वस्तूंना तो माफ असतो.) झाले १११. त्यावर १८ टक्के आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी), १९ रुपये ९८ पैसे. माल पडला १३० रुपये ९८ पैशांना. आता मूळ शुल्क ५ टक्क्यांवर आणा. तोच माल १२४ रुपये ४९ पैशांना पडतो, म्हणजे फरक साडेसहा रुपयांचा.

कारखानदाराला मात्र यातला साडेपाच रुपयांचाच फरक मोजायचा असतो. आयजीएसटीचं क्रेडिट त्याला परत मिळतं, सीमाशुल्काचं मिळत नाही. परचेसवाला जीएसटीपेक्षा ड्युटीला जास्त घाबरतो, तो यामुळेच.

मग तेवढे पैसे दुकानातही कमी होतात का?

क्वचित. आणि झाले तरी सगळे होत नाहीत.

पहिली अडचण जुन्या स्टॉकची. जास्त शुल्क भरून आणलेला माल नाना पेठेतल्या स्पेअर पार्टवाल्याच्या रॅकवर पडलेला असतो. तो तोट्यात विकेल कशाला? दुसरी अडचण डॉलरची. २०२४ मध्ये ८३ रुपयांच्या आसपास असलेला डॉलर डिसेंबर २०२५ मध्ये ९० च्या पार गेला. शुल्कात पाच टक्के वाचवले आणि रुपयाने आठ टक्के खाल्ले, तर गिऱ्हाइकाच्या हाती काय लागणार?

तिसरी अडचण जास्त खोल आहे. दोन-तीनच विक्रेते असतील तर सूट त्यांच्या नफ्यात जिरते. नव्वदच्या दशकातल्या भारतीय कंपन्यांवर अर्थतज्ज्ञांनी केलेल्या अभ्यासात हेच दिसलं. शुल्क उतरल्याने कंपन्यांचा उत्पादनखर्च बराच कमी झाला, विक्रीच्या किमती मात्र त्या मानाने कमी उतरल्या. मधला फरक कंपन्यांनी नफ्यात धरला.

औषधांचं उदाहरण ताजं आहे. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात कॅन्सरच्या तीन औषधांवरचं सीमाशुल्क पूर्ण माफ झालं. त्यानंतर काही महिन्यांनी राष्ट्रीय औषध मूल्य प्राधिकरणाला कंपन्यांना वेगळा आदेश काढावा लागला की आता एमआरपी उतरवा. सवलत आपोआप खाली झिरपत असती तर हा आदेश लागलाच नसता.

सोनं तर लगेच उतरलं होतं की!

हो, कारण सोन्याचा भाव रोज, उघड्यावर आणि सगळीकडे एकाच मापाने ठरतो. २३ जुलै २०२४ रोजी सोन्यावरचं शुल्क १५ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आलं. गणिताने आठ टक्क्यांच्या आसपास फरक पडायला हवा होता आणि काही दिवसांत तोळ्यामागे चार हजारांच्या आसपास भाव उतरलाही. लक्ष्मी रोडवर लग्नसराई नसताना गर्दी झाली.

ज्यांनी आदल्या आठवड्यात बांगड्या केल्या होत्या त्यांचे चेहरे मला आठवतात. आमच्याच इमारतीतल्या एका वहिनींनी मुलीच्या लग्नासाठी गुरुवारी पाच तोळे घेतले आणि पुढच्या मंगळवारी बजेट आलं. पावती फ्रीजवर चुंबकाखाली लावलेली होती, ती त्यांनी काढून कपाटात ठेवली. पुढे वर्षभरात जगातलाच भाव चढला आणि सोनं लाखाच्या वर गेलं, तेव्हा ती पावती पुन्हा बाहेर आली!

भाव उतरला की दुकानातल्या मालाची आणि सोनं तारण ठेवून दिलेल्या कर्जाचीही किंमत उतरते, ही बाजू फार कुणी बोलत नाही. फायदा मात्र आणखी एक होता. १५ टक्क्यांचा फरक चोरट्या वाटेने सोनं आणायला पुरेसा मोह होता. तो सहा टक्क्यांवर आला की ती जोखीम घ्यायला कमी लोक धजावतात.

मोबाइल आणि मोटारी?

थोडक्यात सांगतो, कारण इथे आवाज मोठा आणि परिणाम लहान आहे. तयार मोबाइलवर २०१८ पासून २० टक्के शुल्क होतं, ते जुलै २०२४ मध्ये १५ टक्के झालं. पण आपल्याकडे विकले जाणारे बहुतेक फोन इथेच जोडलेले असतात. त्यांना खरा उपयोग झाला तो जानेवारी २०२४ मध्ये सुट्या भागांवरचं शुल्क १५ वरून १० टक्क्यांवर आलं त्याचा.

मोटारींचंही तसंच. चाकणहून बाहेर पडणारी मर्सिडीज सुट्या भागांच्या रूपात येऊन इथे जोडली जाते, तिला पूर्ण तयार गाडीइतकं शुल्क कधीच नव्हतं. ब्रिटनशी २४ जुलै २०२५ रोजी सही झालेल्या करारात तयार गाड्यांवरचं शंभर टक्क्यांहून जास्त असलेलं शुल्क टप्प्याटप्प्याने १० टक्क्यांपर्यंत उतरायचं आहे, तेही ठरावीक कोट्यापुरतं. फेब्रुवारी २०२५ मध्ये १६०० सीसीपर्यंतच्या तयार मोटरसायकलींवरचं शुल्क ५० वरून ४० आणि त्याहून मोठ्यांवरचं ३० टक्के झालं. वर्तमानपत्रांत पानभर फोटो आले. कोथरूडमध्ये राहणाऱ्या आणि हिंजवडीला कामाला जाणाऱ्या माणसाच्या आयुष्यात काय बदललं? काही नाही.

खाद्यतेलावरचं शुल्क कमी केलं तर चांगलंच ना?

कुणाला विचारता त्यावर आहे. एकाच घरात दोन उत्तरं मिळतील, भाऊ गावाकडे सोयाबीन करत असेल तर.

आपल्या देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून जास्त बाहेरून येतं. पाम इंडोनेशिया-मलेशियातून, सोयाबीन अर्जेंटिना-ब्राझीलमधून, सूर्यफूल रशिया-युक्रेनमधून. सप्टेंबर २०२४ मध्ये सरकारने कच्च्या खाद्यतेलावरचं एकूण शुल्क साडेपाच टक्क्यांवरून २७.५ टक्क्यांवर आणि रिफाइंडवरचं १३.७५ वरून ३५.७५ टक्क्यांवर नेलं. सोयाबीनचं पीक बाजारात येण्याच्या तोंडावर शेतकऱ्याला भाव मिळावा हा हेतू. मार्केट यार्डात डब्याचा भाव ताबडतोब चढला. वाढ कशी लगेच पोचते पाहा, तिला जुना स्टॉक आडवा येत नाही! सोयाबीनचा भाव मात्र ४,८९२ रुपयांच्या हमीभावाखालीच रेंगाळला. कारण साधं आहे: सोयाबीनमध्ये तेल पाचवा हिस्साच असतं, उरते ती पेंड, आणि पेंडेला जगात उठाव नव्हता. तेलावर शुल्क लावून पेंड महाग होत नाही.

मग ३० मे २०२५ च्या अधिसूचनेने कच्च्या तेलावरचं शुल्क १६.५ टक्क्यांवर आलं. रिफाइंडवरचं ३५.७५ तसंच ठेवलं. इथे माझं तुणतुणं वाजतं. आधी कच्च्या-पक्क्यातलं अंतर सव्वाआठ टक्क्यांचं होतं, ते सव्वाएकोणीसचं झालं. म्हणजे कच्चं तेल आणून इथे शुद्ध करणाऱ्या रिफायनरीला बळ मिळालं. गिऱ्हाइकाला थोडा दिलासा मिळाला, तर शेतकऱ्याला पुढच्या हंगामाच्या पेरणीआधीच उलटा संदेश गेला. एका कपातीत तीन वेगळ्या माणसांच्या तीन वेगळ्या गोष्टी होत्या आणि बातमीचा मथळा होता, 'तेल स्वस्त होणार'.

जाता जाता एक गंमत. मध्यंतरी नेपाळमधून रिफाइंड सोयाबीन तेल भरभरून यायला लागलं. नेपाळ काही सोयाबीनचं कोठार नाही. पण दक्षिण आशियातल्या व्यापार करारामुळे तिथून येणाऱ्या मालाला शुल्क नाही. भिंत उंच केली की लोक बाजूची खिडकी शोधतात.

भोसरी-चाकणच्या लहान कारखान्यांचं काय होतं?

यावर मी तासभर बोलू शकतो, तेव्हा थोडं सहन करा.

२००२-०३ मध्ये बिगरशेती मालावरचं कमाल सीमाशुल्क ३० टक्के होतं. दर बजेटला ते खाली येत गेलं: २५, २०, १५, साडेबारा आणि २००७-०८ मध्ये १०. तेव्हा आम्हाला पार्ट पुरवणारा एक व्हेंडर होता, संगणकावर चालणारी दोन सीएनसी मशिनं, सहा माणसं, एमआयडीसीच्या मागच्या गल्लीतला गाळा. टर्निंगला लागणारे कार्बाइड इन्सर्ट, म्हणजे धातू कापणाऱ्या हत्याराची बदलता येणारी टोकं, बाहेरून येणारे, त्याच्या दृष्टीने सोन्याच्या मोलाचे. इन्सर्टच्या चारही कडा पार बोथट झाल्याशिवाय तो बदलायचा नाही. मशिनशेजारी एक डालड्याचा जुना डबा असायचा, संपलेला इन्सर्ट त्यात टाकताना ऑपरेटर मालकाकडे बघायचा. बोथट कडेने कापलेल्या पार्टवर रेघा उठायच्या आणि आमच्या इन्स्पेक्शनला शंभरातले सात-आठ परत जायचे.

शुल्क उतरत गेलं तसे इन्सर्ट परवडायला लागले. मग तो वेळेवर बदलू लागला, रिजेक्शन दोनावर आलं आणि तीन वर्षांत त्याने आधी नाकारलेलं बारीक टॉलरन्सचं, म्हणजे मापात अगदी थोडाच फरक चालणारं, काम स्वतःहून मागितलं. पुढे वाचनात आलं की १९९१ नंतरच्या काळात देशी कंपन्यांनी जी नवी उत्पादनं बाजारात आणली, त्यांतल्या साधारण ३१ टक्क्यांचं श्रेय अभ्यासकांनी कच्च्या मालावरच्या शुल्ककपातीला दिलं आहे. मला त्याचं आश्चर्य वाटलं नाही, मी तो डबा पाहिला होता.

आता उलट बाजू. त्याच गल्लीत साधे बोल्ट आणि पिना करणारा दुसरा होता. त्याचा तयार मालच बाहेरून स्वस्तात यायला लागला. त्याने भाव कमी केले, मग ओव्हरटाइम बंद केला, मग रात्रपाळी, मग शटर. त्याची अकरा माणसं. दोघं नंतर रांजणगावला कंत्राटी कामावर भेटले, पगार आधीपेक्षा कमी.

आता हे गणित पाहा. तुमचा तयार माल १०० रुपयांचा, त्यात कच्चा माल ६० चा, म्हणजे तुमची स्वतःची भर ४० ची. तयार मालावर १० टक्के शुल्क आणि कच्च्यावर शून्य असेल, तर तुम्ही ११० ला विकू शकता आणि ४० ची भर ५० होते. दहा टक्क्यांच्या शुल्काने तुम्हाला प्रत्यक्षात २५ टक्के संरक्षण दिलं. दोन्हींवर १० असेल तर भर ४४, संरक्षण १० टक्के. आणि तयार मालावर ५, कच्च्यावर १० असेल तर १०५ मधून ६६ वजा, भर ३९. शुल्काची भिंत तुमच्याच डोक्यावर पडली. याला उलटी शुल्करचना म्हणतात आणि लहान उद्योजकाची खरी तक्रार बहुतेक वेळा हीच असते.

पोलादाचं घ्या. एप्रिल २०२५ मध्ये सपाट पोलादाच्या काही प्रकारांवर १२ टक्के तात्पुरतं सुरक्षा शुल्क (आयातीच्या लोंढ्यापासून बचावासाठीचं जादा शुल्क) लागलं. मोठ्या पोलाद कंपन्यांना ते हवंच होतं. पण भवानी पेठेतून पत्रा उचलून ब्रॅकेट आणि कव्हर करणाऱ्याला पत्रा महाग पडतो. तेच कव्हर तयार होऊन आपल्याशी व्यापार करार असलेल्या एखाद्या देशातून शून्य शुल्काने येत असेल, तर त्याने करायचं काय?

१९९१ ला एवढं महत्त्व का देतात?

कारण त्याआधीचे आकडे आज खरे वाटत नाहीत. २४ जुलै १९९१ च्या अर्थसंकल्पात मनमोहन सिंगांनी कमाल शुल्क 'कमी करून' १५० टक्क्यांवर आणलं. काही वस्तूंवर तोवर ३०० टक्क्यांच्या वर होतं. पुढे दर वर्षी उतरत ते १९९५ पर्यंत ५० वर आलं.

पुणेकरांना जुना काळ सांगायला स्कूटर पुरते. आकुर्डीला कारखाना, पण नंबर लागायला वर्षानुवर्षं. माझ्या वडिलांनी स्कूटर बुक केली तेव्हा मी चौथीत होतो, आली तेव्हा मला मिसरूड फुटलं होतं. यात दोष एकट्या शुल्काचा नव्हता, परवाने आणि आयातबंदीही होती. पण बाहेरचा माल येणार नाही याची खात्री असली की आतल्याला घाई राहत नाही.

दुसरी बाजूही नोंदलेली आहे. पेट्या टोपालोव्हा या अर्थतज्ज्ञ बाईंनी जिल्हावार आकडे तपासले. ज्या ग्रामीण जिल्ह्यांतला रोजगार शुल्ककपात झालेल्या धंद्यांवर जास्त अवलंबून होता, तिथे गरिबी इतर जिल्ह्यांपेक्षा हळू घटली. पुस्तकातला कामगार एका धंद्यातून निघून दुसऱ्यात जातो. खऱ्या कामगाराचं घर, शेत, म्हातारे आईवडील आणि मुलांची शाळा एकाच गावात असते.

म्हणजे देशी उद्योगाला संरक्षण हवंच?

या प्रश्नावर पुण्याचा जुना हक्क आहे. १८९२ साली डेक्कन कॉलेजात दिलेल्या व्याख्यानात न्यायमूर्ती रानड्यांनी सांगितलं होतं की इंग्लंडला सोयीचा खुल्या व्यापाराचा नियम हिंदुस्थानसारख्या मागे राहिलेल्या देशाला जसाच्या तसा लागू पडत नाही. त्याला संदर्भ होता. त्याच्या दहा वर्षं आधी सरकारने जवळजवळ सगळी आयात शुल्कं काढून टाकली होती आणि मँचेस्टरचं कापड मोकळेपणाने येत होतं.

रानड्यांचं म्हणणं मला आजही पटतं, पण नव्या उद्योगाच्या बाळाला पाळण्यात ठेवायचं तर किती वर्षं? खेळण्यांवरचं शुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झालं आणि २०२३ मध्ये ७० टक्के. दर्जाच्या शिक्क्याचीही सक्ती आली. आयात खरोखर घटली, देशी खेळणी वाढली. तुळशीबागेत नातवासाठी गाडी घेताना ते दिसतं, आणि किंमतही दिसते. हे बाळ कधी चालू लागणार, याची तारीख कुणी सांगितलेली नाही. माझा आक्षेप तेवढाच आहे. संरक्षण द्या, पण ते कधी संपणार ते पहिल्याच दिवशी छापा. कपात करायची तर तीही आधी सांगून, पायरीपायरीने. कापसावरचं ११ टक्के शुल्क १९ ऑगस्ट २०२५ ला उठवलं ३० सप्टेंबरपर्यंत, मग म्हणे ३१ डिसेंबरपर्यंत. अशाने सूतगिरणीला मालाचा करार करता येत नाही आणि विदर्भातल्या शेतकऱ्याला कापूस विकायचा की घरात ठेवायचा ते कळत नाही.

शुल्क कमी केल्याने सरकारचं नुकसान होत नाही का?

पूर्वीइतकं नाही. १९९०-९१ मध्ये केंद्राच्या करांतला एक-तृतीयांशाहून जास्त पैसा सीमाशुल्कातून यायचा, २०२३-२४ मध्ये तो वाटा सात टक्क्यांच्या आसपास होता. दर फार चढे असतील तर कपातीने आयात वाढून आणि चोरटी वाहतूक घटून तूट थोडीफार भरूनही निघते.

अमेरिकेने लावलेलं शुल्क यातच मोडतं का?

नाही. ते त्यांचं आयात शुल्क, भरतो तिथला आयातदार. ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्या बऱ्याच मालावर ते ५० टक्क्यांपर्यंत गेलं, तेव्हा पुण्यातल्या निर्यातदारांना तिकडून 'भाव कमी करा' असे फोन आले. आपलं शुल्क कमी-जास्त करून तो प्रश्न थेट सुटत नाही. फार तर वाटाघाटीत देण्याघेण्याला उपयोग होतो.

बजेटमध्ये ड्युटी कमी होणार अशी कुजबुज आहे. मशिनची ऑर्डर थांबवू का?

ऑर्डरची तारीख इथे गौण आहे. शुल्काचा दर बिल ऑफ एंट्री (आयात मालाची कस्टम्सकडे द्यायची नोंद) सादर होते त्या दिवशीचा लागतो. जहाज लागण्याआधीच ती भरली असेल तर जहाजाच्या आगमनाच्या नोंदीच्या दिवशीचा. माल बॉन्डेड गोदामात (जिथे शुल्क भरण्याआधी माल ठेवता येतो) ठेवला असेल तर तिथून बाहेर काढण्यासाठी बिल सादर कराल त्या दिवशीचा. तुमच्या सीएचएला, म्हणजे कस्टम्सचं काम बघणाऱ्या एजंटला, एवढंच विचारा की जहाज कधी लागतंय.

आणि एक अनुभव. एका जानेवारीत आमचं मशिन न्हावा शेवाला पोचलं होतं. साहेब म्हणाले, "थांबा, बजेटला दर उतरतोय, माझी पक्की खबर आहे." मी सीएचएला थांबवलं. अकरा दिवस कंटेनर पडून राहिला, डेमरेज (बंदरात माल पडून राहिल्याचा आकार) चढलं, उशिराचा दंड वेगळा. बजेट आलं, टीव्हीवर भाषण संपलं, मी अधिसूचना उघडून आमच्या मशिनची ओळ शोधली. तिला कुणी हात लावलेला नव्हता. दुपारी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं, माझ्यासाठीही चहा मागवला आणि खाली बघत विचारलं, "कुलकर्णी, हे डेमरेज कुठल्या हेडला टाकायचं?"